डोणगावच्या लग्नातली वंदना

५ मे, सोमवार
जीपनं चिखलीला. मालक राजूभाऊंच्या भाच्यानं पुण्याहून पाठवलेली कॉम्प्युटरची स्क्रिप्ट आज फोटो स्टुडिओत पहिल्यांदा चालवली. फोटोचा नंबर बघून ती फोल्डर लावते. भाऊंनी दिलेला नियम : पाच हजारांच्या वरचे डोणगावच्या लग्नाचे, खालचे सोनाळ्याच्या. दोन दिवसांचं काम चहा येईपर्यंत संपलं. म्हटलं, एकदा उघडून बघते.
"काऊन? मशीन चुकते का?" भाऊ म्हणाले.
शाळेआधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं. पुन्हा वाचल्याशिवाय पाटी पुसू द्यायचे नाहीत. आज फोल्डर न उघडताच पुढं दिले.

१६ मे, शुक्र.
डोणगावच्या नवरीचे वडील अल्बम परत घेऊन आले. बौद्ध लग्न, आणि अल्बममध्ये बुद्धवंदनाच नाही. त्रिशरण नाही, मूर्तीपुढच्या मेणबत्त्या नाहीत. दुसऱ्या कॅमेऱ्यातली जेवणाची पंगत मात्र चार पानं. अल्बम भाऊंनीच लावला होता.
"पोळ्या दिसल्या तुमाले, वंदना नाई दिसली? का मुद्दाम काढली?"
आवाज चढवला नाही त्यांनी. भाऊ मोबाईलमध्ये. मीही त्याच समाजाची. कुठं बघावं कळेना.

१७ मे, शनि.
सापडलं. कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून मोजतो. आकडा उलटला तो नेमका वंदनेच्या आधी. सगळी वंदना सोनाळ्याच्या फोल्डरमध्ये, तिथल्या हळदीशेजारी. एकही फोटो गेलेला नाही. भाऊंना दाखवलं.
"डिलीट मार. कार्ड खराब झालं म्हून सांग त्याईले. अल्बम पुन्हा कोन छापते?"
नियम यांचा, स्क्रिप्ट भाच्याची, खोटं मी बोलायचं. आणि त्या माणसानं जन्मभर समजत राहायचं की आपली वंदना कोणाला तरी नको होती...

१८ मे, रवि.
डिलीट केलं नाही. काल निघताना वेगळा फोल्डर करून ठेवला, दोनदा तपासला. आईला सांगितलं.
"तुही नोकरी जाईन."
जाईल. मग?

१९ मे, सोम.
भाऊ समोर बसलेले असतानाच डोणगावला फोन लावला. कार्ड खराब झालेलं नाही, म्हटलं. फोटो आहेत. आमच्याकडून दुसऱ्या लग्नात गेले. मुद्दाम कोणी काढले नाहीत.
पलीकडून नवरीचे वडील म्हणाले,
"उद्या येतो. तू असशीन ना बाई तिथं?"
भाऊंकडे पाहिलं. ते उठून शटरपाशी गेले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.
असेन, म्हटलं.