अट क्रमांक नऊ : पूर्वेची भिंत

रविवार, दुपारचे दोन
साइटवरची पत्र्याची खोली

सौ. ताई,

नमस्कार. आईचे टाके काढले का? तिला म्हणावं, जिना चढायची घाई नको. इकडची काळजी करू नकोस. भाऊजी वेळेवर जेवतात, भांडी मीच घासतो आणि तुझी कुंडीतली रोपं अजून तरी जिवंत आहेत.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू आधी ‘बोल’ म्हणतेस आणि मग स्वतःच बोलत सुटतेस. शिवाय भाऊजी समोरच असतात.

बातमी अशी, की फाइल पास झाली. उद्या सकाळी आठला पाडकाम सुरू.

तुला वाटत असेल, इमारत पाडायला काय लागतं, मशीन आणली की झालं. तसं नसतं. नियोजन कार्यालय परवानगीला अटी लावतं आणि त्या कशा पाळणार याचा आराखडा मंजूर झाल्याशिवाय एक वीट हलवू देत नाही. धूळ कशी बसवणार, ट्रक कुठल्या रस्त्याने नेणार, राडारोडा कुठे टाकणार, शेजाऱ्यांच्या भिंती कशा सांभाळणार. भाऊजींना घण चालवता येतो, पेन नाही. म्हणून तर तू कॉलेज अर्धवट सोडलेला भाऊ त्यांच्या गळ्यात बांधलास. प्रत्येक पानाखाली एक ओळ छापलेली असते, ‘वरील माहिती मी स्वतः जागेवर पाहून लिहिली आहे.’ तिच्याखाली माझी सही. चौतीस पानं, चौतीस सह्या.

परवा शिक्का बसला तेव्हा भाऊजींनी पाठीत अशी थाप मारली की खोकलाच आला. ‘मेव्हण्या, तू कॉलेज सोडलंस ते बरंच केलंस!’ ताई, हे वाक्य ऐकायला मी वर्षभर जीव टाकत होतो. आणि ऐकल्यापासून मी त्यांची नजर चुकवतोय.

आता जे सांगतो त्यावर हसू नकोस. हस हवं तर. पुढे हसू येणार नाही.

कार्यालयात तिसऱ्या टेबलावर एक मुलगी बसते. फाइली तीच तपासते. केसांत पेन्सिल खोचलेली असते, चूक दिसली की ती काढते आणि कागदावर बारीक टिंब देते. पहिल्यांदा फाइल परत आली ती खऱ्या चुकीमुळे. म्हणाली, ‘धुळीवर पाणी मारणार असं लिहिलंय. पाणी आणणार कुठून? तुमच्या डोळ्यांतून?’

मी तिथल्या तिथे गारद.

दुसऱ्या वेळी ट्रकची वेळ मी मुद्दाम शाळा सुटायची लिहिली. तिला ते सापडलं. ‘अक्षर एवढं सुंदर आणि डोकं एवढं गलथान!’ बाकीचं मी ऐकलंच नाही. सुंदर अक्षर! दोन दिवस तेवढंच चघळत होतो. प्राध्यापकाने चारचौघांत ‘बिनडोक’ म्हटलं तेव्हा त्याच्या अंगावर वही भिरकावून कॉलेज सोडणारा मी, हिने डोक्याला नावं ठेवली तर गालात हसत घरी आलो.

तिसऱ्या वेळचं लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. हा पाचवा.

आपण पाडतोय त्या इमारतीला पूर्वेकडे एक घर चिकटून आहे. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान, वर माळा. काकूंना दम्यामुळे खालची दमट हवा सोसत नाही, म्हणून त्या दिवसभर माळ्यावरच पडून असतात. पाहणीला मी स्वतः गेलो होतो. काकांनी मला शिडीवर चढवून दाखवलं, माळ्याच्या सगळ्या तुळयांची टोकं आपल्या भिंतीत रुतलेली आहेत. एकच भिंत, दोघांची. काकूंनी पाणी दिलं, वर म्हणाल्या, ‘जपून उतर रे, शिडी डुगडुगते.’

आणि मी अट क्रमांक नऊखाली लिहिलं, ‘पूर्वेची भिंत: स्वतंत्र.’

ती पकडणार याची मला खात्री होती गं. ती सगळं पकडते. फाइल परत येईल, अजून एकदा टेबलासमोर बसायला मिळेल, एवढाच हिशेब. पण ती पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेली होती. तिच्या खुर्चीतल्या साहेबांनी पानंसुद्धा उलटली नाहीत. शिक्का मारला आणि म्हणाले, ‘व्यवस्थित आहे.’

स्वतंत्र भिंतीला टेकू लागत नाही. म्हणून कामाच्या क्रमात पहिला घाव त्याच भिंतीवर. तो क्रमही माझ्याच अक्षरात.

भाऊजींना सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा हवेबद्दल बोललो, तिसऱ्यांदा नुसताच खोकलो. त्यांच्या माराला मी भीत नाही. भीती ही, की उद्या ती कामावर परत येतेय. मी कबूल केलं की आधीची मुद्दाम केलेली चूकही उघडी पडणार आणि तिला कळणार, या माणसाने माझ्या कामाचा खेळ केला. माळ्यावर काकू निजल्यात आणि मी जपतोय काय, तर माझी अब्रू! लिहिलं तेव्हा कुठे दिसलं, केवढा नीच विचार आहे हा.


सोमवार, सकाळी साडेसात
काकांचं दुकान

ताई, मशीनची किल्ली माझ्या खिशात आहे.

ऑपरेटर इंजिन बंद करून चहाला गेला, मी चढलो आणि किल्ली काढून घेतली. आता तो रस्त्यावर उभा राहून माझा उद्धार करतोय. तू मला काडेपेटी म्हणायचीस ना, त्याने याहून बरीच नावं ठेवलीत.

काकांना सगळं सांगितलं. ते डोळ्यावरची भिंगाची डबी न काढता ऐकत होते.

‘शेजाऱ्यांच्या संमतीसाठी आलेल्या नोटिशीत वाचलं होतं मी, भिंत स्वतंत्र म्हणून,’ ते म्हणाले.

‘मग सही का केलीत, काका?’

‘म्हटलं, पोरगा शिडीवर चढून डोळ्यांनी बघून गेलाय. त्याला काही जास्त कळत असेल.’

ताई, यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

काकूंना हात धरून खाली आणलंय. माझ्याशेजारीच बसल्यात, धाप लागलीय, तरी विचारतात, ‘कुणाला लिहितोस रे एवढं?’ नवं पान मी करून ठेवलंय: भिंत सामाईक, आधी टेकू, मग मशीन न लावता हाताने पाडकाम. भाऊजींनी त्यावर सही केली तरच किल्ली. दहाला कार्यालय उघडलं की ते पान तिसऱ्या टेबलावर ठेवायचं आणि ट्रकच्या वेळेवरचं टिंब कसं आलं तेही सांगायचं. त्यानंतर ती बोलणार नाही. टिंबसुद्धा देणार नाही.

भाऊजींची गाडी आली. ऑपरेटर हातवारे करून इकडे बोट दाखवतोय. भाऊजी रस्ता ओलांडतायत, चप्पल हातात नाही, पण चेहरा तसाच आहे. पत्र टाकायला काकांकडे देतोय, म्हणजे मला फाडता येणार नाही. भाऊजींनी मला घराबाहेर काढलं तर मध्ये पडू नकोस.

वरील माहिती मी स्वतः जागेवर पाहून लिहिली आहे.

तुझा भाऊ