कॅमेऱ्यामागं माणूस पाहिजे

प्रिय वासुदेव,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. नागपुरात लेकीकडं बरा असशील. गुडघ्याला तेल लावतोस की बाटली नुसतीच उन्हात ठेवतोस, ते ममताला विचारीन. इथलं ठीक. आमच्या शारदेचा खोकला गेला. आपलं गाव नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून ज्याला त्याला गाडी पाहिजे, त्यामुळं बुढापारा मोहल्ल्यात सायकल टेकवायलाही जागा उरली नाही. पंडरी बाजारातल्या आपल्या कॅमेऱ्याच्या फिल्मवाल्याकडं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जुन्या ओळखीपायी एक घेऊन आलो. माझ्या फोनला ते बसत नाही.

परवा मंडळाच्या हॉलला रंग द्यायला काढला. भिंतीवरचे विसर्जनाच्या दिवशीचे ग्रुप फोटो उतरवून पुसायचं काम मी मागून घेतलं. एक वर्ष तुझी पाळी, एक वर्ष माझी. ओळीनं मांडले की कुणाचा कोणता, ते विचारावं लागत नाही. तुझ्या फोटोत मागच्या रांगेतल्या माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसतो, आणि माणसं अशी बसलेली की जसा परीक्षेचा निकाल लागायचाय. माझ्यात सगळे हसतात, पण मागं कोण उभं होतं ते त्यांच्या घरच्यांनीच ओळखावं. तू टेप धरून अंतर मोजायचास, उजेड मोजायचा लाइटमीटर पुढच्या रांगेतल्या गंगाधरच्या नाकाला टेकवायचास. मी आपला डोळे बारीक करून आभाळ बघायचो आणि पोट्ट्यांना हसवायचो. मला कुणी शिकवलं होतं? लग्नाच्या मांडवात दुसऱ्यांचं बघून बघून हात बसला. तू म्हणायचास, श्याम, तुझा फोटो म्हणजे नशीब. मी म्हणायचो, तुझा म्हणजे जमिनीची मोजणी. एका वर्षी मी फिल्म पुढं सरकवायची विसरलो, एकावर एक दोन फोटो उमटले आणि अख्खं मंडळ गणपतीच्या पोटात जाऊन बसलं, विनोदिनीकाकू तर ऐन सोंडेवर. मला वाटलं तू वर्षभर सुनावशील. तू तो फोटो मागून घेतलास. अजून असेल तुझ्यापाशी.

भांडायचो कॅमेऱ्यावरून, भिंगावरून, फ्लॅश मारावा की नाही यावरून. एका गोष्टीत मात्र आपलं एकमत होतं. टायमर लावायचा नाही, कॅमेऱ्यामागं माणूस पाहिजे.

आता गेल्या वर्षीचं. पाळी तुझी होती. नवा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून तू सगळं मोजलंस, तेवढ्यात ढग आला. तू पुन्हा मोजायला लागलास. पोट्टे कंटाळले, बाहेर ढोलवाले खोळंबले. गंगाधरच्या नातीनं, स्नेहलनं, तुझ्या मागं उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवूनही दिला. लोक आपापले फोन बघत हॉलच्या पायऱ्या उतरले. त्यात मीही होतो. तू मान वर केलीस तेव्हा समोर रिकाम्या पायऱ्या. "मोबाइलनंच होते, तं मले काहून उभं केलं?" एवढंच बोललास आणि ट्रायपॉड मिटलास. मग मंडळात आला नाहीस. दिवाळीच्या आधी तर नागपूरच गाठलंस.

पोट्टी वाईट नाही रे. तिकडं गावाबाहेर बांधलेल्या नव्या राजधानीत ऑफिसात जाते. आपण मराठीत विचारावं, ती हिंदीत सांगते. फोटो पुसायला माझ्यासोबत बसली होती. तुझ्या एका फोटोशी हात थांबला तिचा. म्हणाली, "पीछे वाले भी इतने साफ कैसे आए, दादाजी?" मी म्हटलं, मला जन्मभर जमलं नाही बाई, ज्याला जमलं तो नागपुरात रुसून बसलाय. तिला वाटत होतं, तू लेकीकडं राहायला गेलास एवढंच. रुसवा तिला ठाऊकच नव्हता. मग बराच वेळ एकच काच पुसत राहिली.

पुसायचं काम मी मागून का घेतलं, ते आता सांगतो. दिवाळीनंतर आमचा मुलगा ऋषिकेश मला आणि शारदेला कायमचं त्याच्याकडं हैदराबादला नेतोय. तात्यापाऱ्यातलं घर सोडायचं ठरलं. हैदराबादच्या भिंतीवर लावायला तुझा-माझा एक फोटो हवा होता. इतक्या वर्षांच्या ढिगात सापडला नाही. तुझ्या पाळीला तू मागं, माझ्या पाळीला मी मागं. दोघं असलेला एकच निघाला, स्नेहलनं मोबाइलवर काढलेला. त्यात मी दात काढून हसतोय आणि खालच्या कोपऱ्यात तुझी वाकलेली पाठ. ती पाठ घेऊन हैदराबादला काय करू? यंदा विसर्जनाला ये; पाळी माझी आहे, ती तुला दिली. टेप, मीटर, जे काय तुझं असेल ते सगळं लाव. बटण स्नेहल दाबेल, म्हणजे कॅमेऱ्यामागं माणूसही असेल. लावून झालं की माझ्या शेजारी येऊन उभा राहा. गुडघ्यामुळं पायऱ्या चढायला वेळ लागला तर लागू दे, ढग आला तर येऊ दे. ढोलवाल्यांना सांगून ठेवलंय. या वेळी आम्ही थांबू.

तुझाच,
श्याम