रविवारचं खरबूज

ऑदिल,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

आज भर बाजारात माझा अपमान झाला. खरबूजवाला गास्पार प्रत्येकाला विचारतो, "कधी खायचंय? किती जणांना?" मग फळ हुंगून बरोबर त्या वेळेला पिकेल असं देतो. दर उन्हाळ्यात शनिवारी माझं उत्तर ठरलेलं: "उद्या दुपारी, दोघी बहिणींना." आज त्याने विचारलंच नाही. मुठीएवढं पिकलेलं फळ पिशवीत टाकलं.

"आजच खा, बाई. एकटीपुरतं आहे."

"एकटी? कोणी सांगितलं तुला?"

"ईस्टरपासून ऑदिलबाई दिसल्या नाहीत. गावाला कळतं हो."

"गावाला दुसरे उद्योग नाहीत!"

ईस्टरला तू माझ्या उंची लाल वाइनमध्ये बर्फ टाकून तिची चवच मारलीस. नन्सच्या शाळेत शिकलेली बाई असं करते! तेही मी विसरले असते. पण वर म्हणालीस, "एकट्या बाईला एवढी चांगली वाइन कशाला?"

मी ते फळ परत केलं. "मोठं दे. उद्याचं, दोघींचं." मागची रांग कुरकुरली. कुरकुरू दे.

आता ते खिडकीत आहे आणि मी सारखी उठून हुंगते आहे. गास्पारचा अंदाज चुकत नाही. उद्या दुपारी ते पिकणार, तू ये अगर नको येऊस.

हे पत्र सोमवारशिवाय पोचणार नाही. म्हणजे फोन मलाच करावा लागणार.

बर्फ लावून ठेवला आहे. पाण्यासाठी.

तुझी मोठी बहीण, अजूनही रागावलेली,
युगेत