मोरेश्वररावांचं रोमन घर

रोहा, ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
मैनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि शांतीवहिनीच्या तोंडून निरोप द्यायचा तर अर्धी गोष्ट वाटेतच सांडते, म्हणून कागद घेतला. मी बरी आहे. हे जाऊन सात आठवडे झाले. परवा धाटावच्या कंपनीतला काळुराम येऊन गेला, ह्यांच्या शिफ्टमधला.

एक काम सांगते. पुढच्या खोलीत ते रोमन घर तसंच पडलंय. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची माणसं कसल्या घरात राहायची हे माझ्या सहावीच्या मुलांना कळावं, म्हणून हे वर्षभर शाळेसाठी खपत होते. भिंती उभ्या आहेत, मधल्या दालनातला हौद झालाय, छप्पर अर्धंच राहिलंय. ते तू पुरं कर.

परक्याला सांगितलं नसतं. पण श्रावणात हे तडकलेली कौलं घेऊन पेणला आले, तेव्हा ऐन गणपतीच्या घाईत तू त्यांना दोन तास शेजारी बसवून घेतलंस. शाडूत कागदाचा लगदा मिसळा म्हणालास. मग एकही कौल तडकलं नाही. त्या दिवशी घरी आले ते इतके खुशीत! दत्तादादांच्या हाताला तोड नाय, असं दहादा म्हणाले असतील.

वहिनीला नमस्कार. आहे तशीच माया ठेव.

तुझी,
मैना


पेण, २१ फेब्रुवारी २०२५

चि. मैना हिस,
अ. उ. आ.

तुझ्या नावाआधी ‘सौ.’ आता लिहवेना, म्हणून नुसतं चि. मैना लिहिलं.

टेम्पो काल पोचला. घर सुखरूप आहे, वडखळच्या खड्ड्यांत एक खांब तेवढा निखळला, तो बसवला. गणपतीच्या कारखान्यातली सगळी पोरं भोवती जमली. छपराला मधोमध भोक का ठेवलंय, पाऊस आत येईल की, असं एकानं विचारलं. पाऊस आत यावा म्हणूनच ठेवलंय, खाली हौद त्यासाठीच हाय, असं मी ऐटीत सांगितलं. खरं म्हणजे हे मलाही कालच कळलं, मोरेश्वररावांच्या वहीतून. वही त्यांनी कौलांच्या खोक्यात घातली होती, ती तुझ्या नजरेतून सुटली असावी. वाचून परत करीन.

काम मी करतो. श्रावणातल्या त्या दोन तासांचं तू लिहिलंस, तेव्हा फार गर्दी होती. मला नीटसं आठवत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझा,
दादा


रोहा, ३ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आठवत नाही म्हणे! माणसाचं भलं करून विसरायची तुझी खोड जुनीच आहे. ह्यांना मी तेच सांगायची, की माझा दादा तोंडानं फणस, आतून गरा. हे नुसते हसायचे.

जमिनीवर काळ्यापांढऱ्या तुकड्यांची नक्षी करायची राहिलीय. त्यासाठी ह्यांनी अंड्याची टरफलं धुऊन ठेवली होती. गणपतीच्या कारखान्यात ती नेलीस तर वहिनी तुला बाहेर काढेल, तेव्हा ते काम मागच्या पडवीत कर.

रात्री घर फार मोठं वाटतं. बाकी ठीक.

तुझ्या आधारावर असलेली,
मैना


पेण, १३ एप्रिल २०२५

चि. मैना हिस,
अ. उ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

ही रोमन कौलं दोन तऱ्हेची. एक सपाट, दोन्ही काठ उचललेलं. दुसरं अर्धगोल, सांध्यावर पालथं बसणारं. नखाएवढी. मी बेचाळीस वर्षं मातीत आहे, पण पहिली पंचवीस कौलं माझ्या हातूनही वाकडी झाली. मोरेश्वररावांची दोनशे साठ मी भिंग लावून पाहिली. एकही वाकडं नाही. कंपनीत बटणं दाबणारा माणूस म्हणून मी त्यांना कधी मोजलंच नव्हतं.

मैना, ते आले होते. पण मी त्यांना बसवलं नाही. मिठाईच्या खोक्यात कौलं घेऊन ते कारखान्याच्या दारात उभे होते, आणि मी हातातला ब्रशसुद्धा खाली ठेवला नाही. हितं देव घडतात, खेळणी नाय, असं सगळ्या कामगारांदेखत म्हणालो. पोरं हसली. त्यांनी खोकं पिशवीत घातलं, येतो म्हणाले आणि गेले. पाण्याचंही कोणी विचारलं नाही.

लगद्याचं मी सांगितलेलं नाही. वहीत सगळं तारखांनिशी आहे. पाव हिस्सा लगदा घातला, तडकलं. निम्मा घातला, काठ ढासळले. तिसरा हिस्सा घातला, टिकलं. सोळा दिवस लागले त्यांना, एकट्यानं शोधलं. आणि श्रेय मला दिलं, ते तुझ्यासाठी.

मयताला आलो, तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, तुझ्यावर त्यांचा फार जीव होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

वही सोबत पाठवतो. तू म्हणशील ती शिक्षा मला कबूल आहे.

दादा


पेण, १० जून २०२५

चि. मैना हिस,
अ. उ. आ.

दोन महिन्यांत तुझा कागद नाही. वहिनी फोन करते, तू जेवलीस एवढंच सांगतेस.

घर पुरं झालं. भिंतींच्या खालच्या पट्ट्याला लाल गेरू, वर पिवळी पिवडी, त्यांच्या वहीत होती तशीच. टरफलांची नक्षी वहिनीनं माझ्या शेजारी बसून लावली. कौलांना त्यांचंच मिश्रण वापरलं. शाळा उघडायच्या आधी टेम्पोनं पाठवतो. मी बरोबर येत नाही, तू बोलावल्याशिवाय यायचा मला हक्क नाही. पाटीवर त्यांचं एकट्याचं नाव घाल.

दादा


रोहा, १२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर जूनमध्येच पोचलं. शाळेत काचेच्या पेटीत ठेवलंय. पाटीवर ह्यांचंच नाव आहे. अपेक्षा नावाची माझी एक विद्यार्थिनी रोज मधल्या सुटीत तिथे उभी राहते. परवा तिनं विचारलं, बाई, ह्या घरातली माणसं कुठे गेली? मला शाळेत पहिल्यांदा रडू आलं.

काम उत्तम झालंय. हे तुला सांगायलाच हवं.

तू ह्यांना हाकललंस, त्याचा राग आला होता. तो ओसरला. घाईत माणूस बोलून जातो. पण पुढचे चार महिने मी ह्यांच्यासमोर तुझं कौतुक करत राहिले, ते मला सुटत नाही. जेवताना, भाजी निवडताना, कौलं वाळत घालताना. हे मान डोलवत ऐकायचे. गौरीच्या जेवणाला पेणला चला म्हणून मी हट्ट धरला, तर शिफ्ट आहे म्हणाले. मी रुसले, दोन दिवस नीट बोलले नाही. आता काळुरामला विचारलं. शिफ्ट नव्हती. ते कंपनीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून होते दिवसभर. माझा भाऊ माझ्या मनात उजळ राहावा म्हणून माझा नवरा दिवसभर टपरीवर बसला, आणि घरी येऊन माझा रुसवा सोसला. त्यांची समजूत आता मी कुठे जाऊन काढू?

तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण डिसेंबरात गळ्यात पडले तेव्हा सांगतास, तर तुझ्याच खांद्यावर डोकं आपटून रडले असते. आता ते एकटीनं करावं लागलं.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. मी ओवाळायला उभी राहीन, पण हात उचलवेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षीचं आज सांगता येत नाही. वहिनीला पाठव, तिच्या हातचं जेवावंसं वाटतं. ऐकू येण्याचं यंत्र घे, टाळाटाळ करू नकोस.

लोभ आहे. तो वाढावा, असं मात्र आज लिहवत नाही.

मैना