दुकान आणि भिंतीमधली फट

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी घराला पुढून दुकान जोडलं, तेव्हा "वडिलांच्या घराच्या तोंडाला काळं फासलंस," असं सुनावून तुम्ही निघून गेलात. काल जुन्या घरांची नोंद करणारे साहेब आले होते. दुकानामागे बॅटरी मारून म्हणाले, "भिंतीत एक खिळा नाही. दुकान स्वतःच्या खांबांवर उभं आहे. दोन दिवसांत उतरेल, भिंतीवरच्या जुन्या नक्षीला ओरखडासुद्धा नाही."

बाबांनी हे मरेपर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगायला हवं. पण कळताच तुम्ही "मग उतरव" म्हणाल, आणि मला या दुकानातल्या शिलाईवाचून दुसरं काही येत नाही.

म्हणून हे पत्र मागच्या फटीत ठेवतो. दुकान उतरेल त्या दिवशी सापडेल.

तुमचा पुतण्या