संग्रहालयातलं कुंकू

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझ्या लेकीला, आचलला, आणि तिच्या मैत्रिणीला, रश्मीला, अमरावतीच्या संग्रहालयात नेलं. दोघी आठवीत. चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं होतं — एकदा बघून या. रश्मीचे वडील डोमाजी दर्यापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये माझ्यासोबत वजनकाट्यावर असतात. "तुमी नेऊन राहिले, मंग मले काय चिंता," म्हणाले.

आधी अंबादेवीचं दर्शन. रश्मी बाहेर थांबली. मी कुंकवाची पुडी खिशात ठेवली.

संग्रहालयात वर चित्रं. पोरी एकेका चित्रापुढून हलेनात. मला त्यातलं फार कळलं नाही, पण त्यांचे चेहरे बघून बरं वाटलं. खाली दगडी मूर्ती. मी दारातच चप्पल काढली.

"बाबा, देऊळ हाये का हे?" आचल हसली.

"राहू दे ना वं. काकाले साऱ्याच ठिकाणी देऊळ दिसते," रश्मी म्हणाली.

कोपऱ्यात एक काळी मूर्ती. नाक तुटलेलं, डोळे मिटलेले. किती वर्षांत कोणी हात जोडले नसतील! आमच्या गावात शेतात वखराला मूर्ती लागली की आधी कुंकू लावतात, देव कोणता ते मागाहून विचारतात. माझा हात आपसूक खिशात गेला. मूर्तीच्या कपाळी कुंकू लावलं.

"काका, हे बुद्ध हायेत." रश्मीच्या आवाजात राग नव्हता. पाटी वाचली. खरंच.

तिनं रुमाल ओला करून पुसायला घेतलं. लाली अजूनच पसरली. तेवढ्यात पहारेकरी आला.

"कोनं केलं हे? हात दाखव!"

रश्मीची बोटं लाल. माझीही होती. मी हात खिशात घातला.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्यानं तिच्याकडून डोमाजींचा नंबर लिहून घेतला. मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब, लेकरू आहे."

असं म्हणालो मी!

३ फेब्रुवारी

आचल बोलत नाही. सकाळी पूजेला बसलो, पण कुंकवाच्या करंड्याला हात लावता आला नाही. तसाच उठलो.

४ फेब्रुवारी

जिनिंगमध्ये डोमाजी दिवसभर माझी नजर चुकवत होते. मी त्यांची. संध्याकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो. घरी सांगितलं, भाजी आणायला गेलो होतो — आणि हातात भाजी नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डोमाजी घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. हात जोडले. "तुमी विश्वासानं नेलं, अन् पोरीनं तुमाले मान खाली घालाले लावली. बुद्धाले कुंकू लावते आमची पोरगी! विचारून विचारून थकलो, तोंड उघडत नाही."

आचल दारात उभी होती. "बाबा, तुमी सांगता का मी सांगू?"

मीच सांगितलं.

डोमाजींनी जोडलेले हात हळूहळू खाली घेतले.