डोमाजीसोबत तलावाचा राउंड

३ डिसेंबर, सकाळी ६
डोमाजी कायमचा पुण्याला चालला, पोराकडे. रोशननं तिथं फ्लॅट घेतला. चौदा तारखेच्या दुपारची ट्रॅव्हल्स. म्हणे, जायच्या आधी टेकडीमागच्या तलावाला एकदा पायी राउंड मारू, तू अन् मी, पहाटेच. एसटीत म्या ड्रायव्हर, तो कंडक्टर. अख्खी नोकरी त्या तलावाच्या बाजूनं गाडी नेली, पण खाली उतरून पाणी पाह्यलं नाही. म्या म्हटलं, त्यात काय, किरकोळ काम. उद्याच जाऊ.
त्याच्या जाण्याचं मले काही वाटून नाही राह्यलं. माणसं जातातच.

४ डिसेंबर
गेलो नाही. धुकं. धुक्यात गाडी काढायची नाही, हा आपला नियम. लालीबाई म्हणे, राउंड तं पायी मारायचा होता ना. बायकोले ड्रायव्हिंगमधलं काय समजते!

६ डिसेंबर
डोमाजी पहाटेच विहारात, महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम. म्हणजे आजचं कॅन्सल त्याच्यामुळे. माझी पूर्ण तयारी होती.

८ डिसेंबर, ५.४०
उठलो होतो, खरंच. बुटाची लेस तुटली. चपलेवर हाईक होत नाही. डोमाजी गेटवर आला, चहा पिऊन वापस गेला. म्हणे, बाप्पा, दिवस सरून राह्यले. म्या सांगतलं, घाई करू नको, टायमिंग माझ्याकडे आहे.

१० डिसेंबर
पेपरात अस्वलाची बातमी. वणीकडे दिसलं, पण अस्वलाले तालुका थोडाच समजते.
लालीबाई म्हणे, राउंड झाला की तो जाईल, म्हणून तुम्ही टाळून राह्यले. कायच्या काय बोलते. जेवलो, टीव्ही पाह्यला. काय पाह्यलं ते आठवत नाही.

१४ डिसेंबर, सकाळी ५
आज फायनल. नवे बूट. अस्वल गेलं खड्ड्यात.

१४ डिसेंबर, सकाळी १०
स्कूटरवर निघालो, डोमाजी मांगं. फाट्यावर तो बिस्किटं घ्यायले उतरला. मांगून दोन थापा ऐकू आल्या. कंडक्टरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या की ड्रायव्हरनं वळून पाहायचं नसते. म्या गाडी काढली. रस्ताभर बोलत गेलो. तिथलं जेवण मानवते का पाहाय, तब्येत जप, महिन्यातून एकदा तरी येत जा. तलावावर स्टँड लावला, तं मांगची सीट रिकामी!
वापस फाट्यावर आलो. हॉटेलवाला तेलाचा पिपा ठोकून राह्यला होता. डोमाजी वाट पाहून ऑटोनं घरी गेलता, सामान बांधायचं होतं म्हणे. फोन माझा घरीच.
त्याच्या घरी गेलो. चिडला नाही, हसलाही नाही. म्हणे, अख्ख्या नोकरीत तू मले कधी सोडून गेला नव्हता. म्या म्हटलं, पुढच्या टाइमले नक्की.

१५ डिसेंबर
दिवस नेहमीसारखा. काही वाटलं नाही.

१७ डिसेंबर
कोणाले न सांगता पहाटे गेलो. राउंड मारला. चढ नाही, काटा नाही, चांगली मोकळी पायवाट. पाण्यावर बदकं.
तलावाच्या पाळीवर बसून डोमाजीले फोन लावला. तो सोसायटीच्या बागेत फिरून राह्यला होता, नव्या दोस्तासोबत. विचारे, गेलता का तलावावर? म्या म्हटलं, कायचं, तू आला की जाऊ. तो म्हणे, तिथलं घर विकलं रे, आता येऊन उतरू कुठं? माझ्या घरी, म्या म्हटलं.
फोन ठेवला अन् लय रडलो. राउंड इतका सोपा होता.